कडकबाईचा दुसरा कागद

कडकबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लावायची तिला कधी गरज पडली नाही. आधी खांदे जागे व्हायचे, मग पाठ, आणि मग उरलेली बाई. चहा उभ्यानेच. डबा आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेला. मुलगा लहान होता तोवर या वेळेत आणखी एक काम असायचं, त्याची बोटं सोडवण्याचं. पोरगं झोपेतसुद्धा तिच्या झग्याची कड मुठीत आवळून असायचं. ओढून घेतली तर जागं होणार. म्हणून ती करंगळीपासून सुरुवात करायची. करंगळी सैल झाली की बाकीची बोटं फार वेळ तग धरत नाहीत. मग बाहेरून कडी घालायची आणि जिना उतरायचा. बहुतेक सकाळी ती खालच्या दाराशी पोचते न पोचते तोच वर दार बडवल्याचा आवाज सुरू व्हायचा. ती थांबली नाही. एकदाही नाही. पहिली पाळी चुकवणाऱ्या बाईला मुकादम दुसरी पाळी देत नसे, आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. शेजारीण उठली की कडी काढायची आणि पोराचं तोंड धुवून त्याला शाळेत हाकलायची.

नवरा होता. बूट दुरुस्त करून आणतो म्हणून एका सकाळी गेला. बूट चांगले दुरुस्त झाले असावेत, कारण ते चालतच राहिले.

ती एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत रोलरवर होती. रोलर म्हणजे खोलीभर लांबीची इस्त्री. तापलेले लोखंडी रूळ एकमेकांवर फिरत असतात आणि त्यांच्या तोंडी ओली चादर द्यायची असते. पिळून आलेल्या चादरीचा बोळा झालेला असतो. दोघींनी दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, कड ताणायची आणि बोटं आत जाण्याआधी सोडून द्यायची. हे ताकदीचं काम नाही असं ज्यांनी ते केलं नाही ते म्हणतात. झटका मनगटातून दिला तर संध्याकाळी मनगट जातं. खांद्यातून दिला तर म्हातारपणी खांदा जातो. कडकबाईने खांदा निवडला होता. म्हातारपण लांब होतं आणि संध्याकाळी घरी जाऊन पोराचे कपडे धुवायचे असायचे.

तिला कडकबाई म्हणतात ते तिच्या चादरींमुळे, असं तिला वाटायचं. बाकीच्यांना तसं वाटत नसे.

चादरीच्या दुसऱ्या टोकाला चिमणी असायची. अंगाने भरलेली, पण तोंड क्षणभर मिटायचं नाही म्हणून चिमणी. दोघींनी एवढी वर्षं एकाच चादरीची टोकं धरली होती की झटका कधी द्यायचा हे त्यांना एकमेकींकडे न बघता कळायचं. चिमणी आजारी पडली तर मुकादम दुसरी बाई द्यायला जायचा आणि कडकबाई म्हणायची, “नको.” एक कोपरा खुंटीला अडकवायचा, दुसरा हनुवटीखाली धरायचा, दोन्ही हातांनी कड ताणत न्यायची. अशा दिवशी तिच्या मानेवर गुलाबी पट्टा उठायचा. पण चादरी कमी पडल्या नाहीत. मुकादम इतरांना म्हणायचा, “बघा, हिला कुणी लागत नाही.” आणि कडकबाई मान वळवून, ऐकलंच नाही असं दाखवून, ते ऐकायची.

लाँड्रीत वर्षाकाठी एकदा कचेरीतून एक साहेब कागद घेऊन यायचा. पाठ दुखते का? उष्म्याने चक्कर येते का? मदतीला कुणी लागतं का? वर ठळक अक्षरात छापलेलं असायचं की उत्तरं गुप्त राहतील. एके वर्षी वाळवणीवरच्या उंच बाईने खरं लिहिलं. हात कापतो, कुणी जोडीला असेल तर बरं. उत्तर गुप्तच राहिलं. फक्त पुढच्या आठवड्यापासून ती बाई कामावर दिसली नाही. तेव्हापासून नवीन पोरगी आली की तिला झटका शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवली जायची. कागद आला की काही दुखत नाही, चक्कर येत नाही आणि कुणी नको. ही शिकवण कडकबाई द्यायची. तिच्यासारखं ते कुणाला सांगता यायचं नाही.

मुलगा शिकला. कडकबाई दुसरी पाळीसुद्धा करायला लागली आणि तो आणखी शिकला. शेवटी एका विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायला लागला. त्याचं लग्न झालं, शहराच्या मोकळ्या बाजूला घर झालं. घराला मागच्या अंगाला एक खोली होती, पूर्वेला खिडकी असलेली. तिच्यात सायकल आणि रिकामे खोके होते. वास्तू दाखवताना सुनेने ते दार उघडलं आणि लगेच लावलं. “ही अशीच पडलीय, आई.” कडकबाईने तेवढ्या वेळात खिडकीचं माप डोळ्यांनी घेतलं. चादरींनी तिला तेवढं शिकवलंच होतं. त्याच महिन्यात कापड घेऊन तिने पडदा शिवला, कडा दुमडल्या, इस्त्री केली आणि ट्रंकेत ठेवला. कुणाला सांगितलं नाही. एवढा खर्च करून शिकवलेला मुलगा, त्याला न सांगताच कळेल, असा तिचा हिशेब होता.

चिमणीला मात्र सगळं कळायचं.

“काय ग, तुझा लेक करतो तरी काय तिकडे?”

“माणसांची मापं घेतो.”

“शिंप्यासारखी?”

“मनाची ग. कोण कुणाला किती चिकटून असतं, कोण किती लांब राहतं. त्याचं माप असतं.”

“मग माझ्या सुनेचं घे म्हणावं. चिकटते ती फक्त चुलीवरच्या भांड्याला.” चिमणी आपल्या मुलाच्या घरात, एका खोलीत सहा माणसांत राहायची. रात्री नातवंडांच्या लाथा खायची आणि सकाळी त्या लाथा मोजून दाखवायची. तक्रार करताना तिचं तोंड उजळलेलं असायचं.

मग एक दिवस मुलगाच लाँड्रीत आला, काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन. जन्मभर अंगमेहनत केलेली माणसं आपल्या जवळच्यांशी कशी जोडलेली असतात, हे त्याला तपासायचं होतं. अशी माणसं कुणी विचारात घेत नाही, त्यांचे आकडे कुठे नसतात, असं तो म्हणाला. मुकादमाने जेवणाची सुट्टी वाढवून दिली. बायका बाकांवर बसल्या. बोटं उष्म्याने सुजलेली, पेन्सिली धरायला अवघड.

“प्रत्येक वाक्य वाचा,” तो म्हणाला, “आणि ते तुमच्याबाबत किती खरं आहे तेवढी चौकट निवडा. सात चौकटी आहेत. डावीकडे अजिबात नाही, उजवीकडे अगदी खरं. यात बरोबर-चूक काही नसतं. नाव लिहायचं नाही, नुसता क्रमांक. जे मनात असेल तेच लिहा.”

आपण समोर उभे राहिलो तर बायका संकोचतील, म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला. दार लागलं. सगळ्यांनी कडकबाईकडे पाहिलं.

“पोरगा माझा आहे,” कडकबाई म्हणाली, “पण कागद तो कागद. कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. आणि माझी मान खाली जाईल असं कुणी काही लिहू नका. आपण धड बायका आहोत असं दिसलं पाहिजे.”

एवढं पुरेसं होतं.

चिमणीला वाचता यायचं नाही. कडकबाई तिला वाचून दाखवायला लागली.

“‘जवळचं माणूस मला सोडून जाईल अशी धास्ती वाटते.’”

“वाटते की. सातवी चौकट.”

“पहिली.”

“अगं, पण वाटते ना.”

“उंच बाई आठवते का?”

“पहिली,” चिमणी म्हणाली. “पुढचं.”

“‘दुसऱ्यावर विसंबून राहायला मला नको वाटतं.’”

“याला?”

“सातवी.”

“‘कुणी फार जवळ आलं की मला अवघडल्यासारखं होतं.’”

“आमच्या म्हाताऱ्याला घाम फार यायचा. तेवढं लिहायला चौकट आहे का बघ.”

बाकावर हशा पिकला. पलीकडून एकजण म्हणाली, “माझ्या नवऱ्यासाठी आठवी चौकट काढा ग कुणीतरी.” कडकबाईने पेन्सिल बाकावर आपटली. पुन्हा शांतता झाली आणि सुजलेल्या बोटांनी फुल्या पडायला लागल्या. धास्तीच्या वाक्यांना डावीकडे, लांब राहायच्या वाक्यांना उजवीकडे. सगळ्यांच्या सारख्या. कडकबाई आपल्या प्रत्येक फुलीवरून दोनदा पेन्सिल फिरवायची. अर्धवट केलेलं काम तिला खपत नसे.

काही आठवड्यांनी मुलाचा फोन आला. तो सहसा तिला फोन करत नसे. “आई, तुमच्या लाँड्रीने कमाल केली. सोडून जाण्याची भीती जवळजवळ शून्य आणि कुणाची गरज लागू न देण्याचं माप एवढं वर, की इतका एकसारखा गट कुणी पाहिलेला नाही. मी यावर मोठ्या परिषदेत बोलणार आहे.” तो बोलला, गाजला, वरच्या जागेवर गेला. कडकबाईने लाँड्रीत सगळ्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

मग खांदा गेला. ठरल्याप्रमाणे गेला, म्हणजे म्हातारपणी. हात कानाच्या वर जाईना. चिमणीच्या बाजूने झटका यायचा आणि कडकबाईच्या बाजूने चादर लोंबायची. चिमणीने काही दिवस दोघींचा झटका एकटीने दिला, आणि हे मुकादमाला कळू नये म्हणून मोठमोठ्याने बोलत राहिली. एक चादर तिरकी आत गेली, गुंडाळली, रोलर थांबवावा लागला. मुकादम म्हणाला, “कडकबाई, झालं आता. हिशेब करून घ्या.” नोकरीची काही महिन्यांची मुदत उरली होती, तेवढे दिवस त्याने तिला घड्या मोजायला बसवलं.

रविवारी ती मुलाकडे जेवायला गेली. जेवण झालं, सून ताटं उचलायला लागली, तेव्हा कडकबाई शक्य तितक्या सहज म्हणाली, “मागची खोली एकदा झाडून घेते. ते खोके कुठे हलवायचे तेवढं सांगा.”

सुनेने ताटं तशीच खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. “मी तुम्हाला म्हटलं होतं, आधी बोलून घ्या.”

“आई, बस,” मुलगा म्हणाला. “आम्ही तुझ्यासाठी एक जागा पाहिलीय. गावाबाहेर. वयस्क माणसांसाठीच आहे. स्वच्छ आहे, डॉक्टर आहे. तुझी जी रक्कम एकदम मिळेल त्यातून अनामत भरता येईल, आणि पेन्शनमधून महिन्याचं भागेल.”

“आणि इथे?”

“इथे तुला त्रास होईल. मी हे मनाने सांगत नाही. तुझा स्वभावच तसा आहे, आणि तो मोजलेला आहे.” तो उठला, आतून एक छापील कागद घेऊन आला. कागदावर एक उभी रेघ, एक आडवी रेघ आणि चारी बाजूंना ठिपके. “आडव्या रेघेवर भीती, कुणी सोडून जाईल याची. उभ्या रेघेवर अंतर, माणूस दुसऱ्यांपासून किती लांब राहायला बघतो ते. हा वरचा डावा कोपरा पाहा. भीती नाही आणि अंतर जास्तीत जास्त. हा ठिपका तू.”

कडकबाईने ठिपका पाहिला. माशी बसून गेल्यावर राहतो तेवढा.

“नाव लिहिलं नव्हतं ना?”

“फुली दोनदा गिरवणारं आपल्या घरात कोण आहे? मला कळणार नाही का?”

तिला उंच बाई आठवली. बायकांना जे शिकवायची ते तिने स्वतः पाळलं होतं आणि तरी अडकली होती. फक्त उलट्या बाजूने.

“ते तसंच लिहितात,” ती म्हणाली.

“तसंच म्हणजे?”

“कागद आला की... आपल्याला काही होत नाही, असंच लिहायचं असतं.”

मुलाचा चेहरा बदलला. “म्हणजे खोटं लिहिलं? तुम्ही सगळ्यांनी?”

कडकबाईला फारसं शिक्षण नव्हतं, पण मशीनच्या कुठल्या भागाला हात लावला की सगळं बंद पडतं हे तिला कळायचं. हो म्हटलं असतं तर परिषद गेली, वरची जागा गेली, कदाचित हे घरही. त्यातल्या मागच्या खोलीसाठीच तर ती बोलत होती.

“नाही,” ती म्हणाली. “खोटं कशाला लिहितील?”

“तेच तर,” मुलगा म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. “आणि तसंही महिन्याभरात मी तेच कागद पुन्हा भरून घेणार आहे. त्याच बायकांकडून. माप पक्कं असेल तर दोन्ही वेळा सारखं यायला हवं.”

घरी जाताना कडकबाईची पावलं हलकी पडत होती. पुन्हा भरून घेणार होता.

दुसऱ्या दिवशी घड्या मोजायच्या टेबलाशी तिने चिमणीला सांगितलं, “या वेळी मी खरं लिहिणार.”

“मग मी पण लिहिते! माझी सातवी चौकट तशीच राहिलीय मेली.”

“तू नाही. तुम्ही सगळ्या मागच्यासारखंच लिहायचं. अगदी तसंच. नाहीतर त्याचं नाव जाईल. माझा एकच ठिपका हलला तर कुणाचं काही बिघडत नाही.”

चिमणी गप्प राहिली तर लाँड्रीत रोलरचा आवाज ऐकू यायचा. तो ऐकू आला. “अगं येडे,” ती मग म्हणाली, “कागदावर लिहिण्यापेक्षा त्याच्यापाशी जाऊन रड की. पोटचा पोरगा आहे.”

“मला रडता येत नाही,” कडकबाई म्हणाली. हे खरं होतं. सवय नसलेला स्नायू एका दिवसात वापरता येत नाही.

कागद आले. मुलगा पुन्हा बाहेर जाऊन थांबला. बायकांनी मागच्यासारख्याच फुल्या मारल्या, आता पाठच झाल्या होत्या, आणि डबे उघडले. कडकबाई एकटीच लिहीत राहिली. तिने आयुष्यात एवढं अवजड काम केलं नव्हतं. जवळचं माणूस सोडून जाईल अशी धास्ती. पेन्सिल डावीकडच्या चौकटीवर आपोआप गेली. तिथून उचलून ती उजवीकडे नेताना तिला खांदा दुखावा तसं दुखलं. सातवी. दोनदा गिरवली. मनातलं कुणाला तरी सांगावंसं वाटतं. सातवी. मला कुणाच्या आधाराची गरज पडत नाही. इथे तिचा हात थांबला. सगळ्यांना अभिमानाने दाखवायची एकच गोष्ट तिच्यापाशी होती, हनुवटीखाली धरलेली चादर. पहिली. दोनदा गिरवली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी तिचं चाललंच होतं. मुकादमाने विचारलं, “काय कडकबाई, मृत्युपत्र लिहिताय का?”

त्यानंतर ती वाट पाहत राहिली. ट्रंकेतला पडदा काढून तिने पुन्हा इस्त्री केला.

मुलगा एका संध्याकाळी स्वतःहून तिच्या खोलीवर आला. कित्येक वर्षांनी. तिने धावपळ केली, खुर्ची पुसली, चांगला कप काढला. तो खुर्चीत बसला आणि त्याने खोलीभर पाहिलं. शेवटी त्याची नजर दारावर स्थिरावली. दाराला बाहेरून तीच जुनी कडी होती; त्याच्या लहानपणी आतून नव्हती. आतून लावायची ती पुढे बसवलेली होती, वर, मोठ्या माणसाच्या उंचीवर.

“आई, तुझा दुसरा कागद बाद केला.”

“बाद?”

“बाकी सगळ्यांचे दोन्ही कागद तंतोतंत जुळले. आश्चर्य वाटावं इतके. फक्त तुझा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला. माणूस एवढ्याशा काळात असा बदलत नाही. मग दोनच गोष्टी उरतात. एक तर माप चुकीचं, नाहीतर माणसाने काहीतरी मिळवायचं म्हणून लिहिलं. माप चुकीचं असतं तर बाकीच्यांचंही बिघडलं असतं.” तो चिडला नव्हता. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. “आमच्याकडे हे नेहमीचं आहे. कशासाठी विचारतायत हे कळलं की माणसं हवं तसं लिहितात. म्हणून पहिला कागद धरायचा. तेव्हा तुला काही नको होतं.”

कपातला चहा तिने त्याच्यासमोर ठेवला. थोडा बशीत सांडला.

“बरं, कागद राहू दे,” ती म्हणाली. “तोंडाने सांगते. मला एकटीला नाही राहवत. कधीच राहवत नव्हतं. पण कुणी विचारलं नाही, आणि विचारलं ते कागदावर.”

मुलाने कप उचलला, खाली ठेवला.

“मीसुद्धा भरलाय तो कागद,” तो म्हणाला. “खरा भरलाय. माझा ठिपका कुठे आहे माहीत आहे? तुझ्या पहिल्या ठिपक्याला लागून. आपण दोघांनी ठरवून लिहिलं असावं इतका लागून. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे बंद दुकानासमोर रांग. तिचं खरं आहे. मी तुला घरात घेतलं तर एका घरात दोन बंद दुकानं होतील. मला जमणार नाही, आई. तू वाईट आहेस म्हणून नाही. मला ते येतच नाही.”

“शिकवलं तुला एवढं.”

“हे पण तूच शिकवलंस. तू करंगळीपासून सुरुवात करायचीस.”

कडकबाईला आधी कळलं नाही. मग कळलं.

“झोपलेला असायचास तू.”

“नसायचो. डोळे मिटून पडायचो. वाटायचं, झोपलोय असं बघून आज तरी ती बोटं तशीच ठेवेल.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. सुरू होत नव्हती.

“पोट भरायचं होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे. म्हणून तर राग नाही. राग असता तर तुला घरात ठेवून रोज भांडलो असतो.”

तो उठला. आणि तो उठला तेव्हा दोघांनाही दिसलं की कडकबाईच्या उजव्या हाताने त्याच्या कोटाची बाही धरलेली आहे. कधी धरली ते तिला ठाऊक नव्हतं. पकड पक्की होती. रोलरवरच्या बाईची पकड होती ती, ओली चादर सुटू न देणारी. तिने हाताकडे पाहिलं, सोड म्हणून त्याला मनातल्या मनात सांगितलं, तो ऐकेना. मुलगा क्षणभर थांबला. मग त्याने तिची बोटं सोडवायला घेतली. हलक्या हाताने, अजिबात न दुखवता, करंगळीपासून.

जिना उतरताना त्याच्या पावलांचा आवाज आला. कडकबाईने दार बडवलं नाही. त्या वयात ते शोभत नाही, आणि दार उघडंच होतं.

चिमणीला कळलं तेव्हा ती आधी मुलाला शिव्या घालून मोकळी झाली, मग हिच्यावर उलटली. “भोग आता! आम्हाला म्हणालीस, पहिली चौकट, पहिली चौकट. आम्ही सगळ्यांनी मिळून पुरलं ग तुला.” आणि मग, लगेच, “माझ्याकडे ये राहायला. सहाच्या जागी सात. लाथा वाटून खाऊ.” कडकबाई म्हणाली, “नको. मला कुणी लागत नाही.” तोंडाला वळणच ते पडलं होतं. चिमणीने पुन्हा विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. पण एवढ्या वर्षांत ती एकदा नाही म्हणाली की तिला कुणी पुन्हा विचारत नसे. चिमणीही विचारत नसे.

शेवटच्या दिवशी लाँड्रीने तिला एक घड्याळ दिलं, गजराचं.

गावाबाहेरच्या त्या जागेत मुलगा तिला स्वतः सोडून आला. सूनही आली. ट्रंक वर चढवायला तिने हात लावला आणि निघताना ती कडकबाईच्या गळ्यात पडली. कडकबाई ताठ उभी राहिली, कारण हात कुठे ठेवायचे ते तिला सुचलं नाही. सून मागे सरली आणि नवऱ्याला म्हणाली, “बरोबर होतं तुमचं.”

पडदा त्या खिडकीला रुंद झाला आणि आखूड पडला. पलंगावरची चादर कडेला चुरगळलेली होती. मनगटातून झटका दिलेला, तोही अर्धा. पहाटे चारला तिला जाग आली, आधी खांदे, मग पाठ. कुठे जायचं नव्हतं. भिंतीपलीकडे दोन म्हाताऱ्या कुजबुजत होत्या. एकीला पाय दुखत असल्याने झोप नव्हती आणि दुसरी तिला चिडवत होती. मग दोघी हसल्या.

त्या जागेत खोल्या दोन प्रकारच्या होत्या. दोघींना मिळून एक, ती स्वस्त. एकटीला एक, ती जवळजवळ दुप्पट महाग. कचेरीतल्या बाईने मुलाला सांगितलं होतं की दोघींच्या खोलीत एक खाट आत्ताच रिकामी आहे, आणि आईंचे पैसेही वाचतील. मुलगा म्हणाला होता, पैशाकडे बघू नका, आईला कुणी जवळ असलेलं चालत नाही. त्याने आईसाठी कंजुषी केली नाही. तिने दोन दोन पाळ्या करून, उजवा खांदा घालवून जे मिळवलं होतं ते सगळं त्याने भरलं. ते सगळं लागलं पलंग आणि भिंत यांच्यामधल्या त्या रिकाम्या जागेला, जिथे दुसरी खाट असती.